क्लबचा मालक गेल्यावर शोक कसा पाळावा आणि वारशाची चर्चा कशी करावी

फुटबॉल क्लबच्या मालकाचे निधन झाले की पाठीराख्यांपुढे दोन कामे एकदमच येऊन ठाकतात. गेलेल्या माणसाचा शोक पाळायचा असतो आणि त्याच्या कारकिर्दीचा हिशेबही मांडायचा असतो, कारण क्लब बहुधा त्याच्या आधीपासून असतो आणि त्याच्यानंतरही चालणार असतो. ही कामे एकमेकांत मिसळली की हिशेब मागणारा निर्दयी ठरतो आणि रडणारा भाबडा. दोन्ही कामे मनापासून करावीत, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या रीतीने करावीत, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी सर्वांत अवघड असते ते थांबणे. 27 ऑक्टोबर 2018 रोजी लेस्टर सिटी आणि वेस्ट हॅम या इंग्लिश क्लबांचा सामना 1-1 असा सुटल्यानंतर लेस्टरचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचे हेलिकॉप्टर मैदानाजवळच कोसळले, आणि त्यांच्या मृत्यूला क्लबने दुजोरा दिला तो दुसऱ्या दिवशी रात्री. मधल्या काळात पाठीराख्यांनी प्रवेशद्वाराबाहेर फुले आणि स्कार्फ आणून ठेवले. त्यांत गणपतीची एक तसबीरही होती. अशा वेळी कुटुंबाने किंवा क्लबने जाहीर करेपर्यंत ‘गेले’ हा शब्द लिहू नये. शिवाय त्या अपघातात विचाई यांच्यासह पाच जण दगावले होते. उरलेल्या चौघांत त्यांचे दोन कर्मचारी आणि दोन व्यावसायिक वैमानिक होते. आपल्या ओळखीचा चेहरा एकच असला, तरी श्रद्धांजलीत सर्वांचा उल्लेख झाला पाहिजे.

फुलांसोबत चिठ्ठी ठेवणार असाल तर तिच्यात विशेषणांची रास ओतण्यापेक्षा एकच ठोस आठवण लिहावी: कोणता सामना, कोणता स्टँड, शेजारी कोण बसले होते. ‘आमचे दैवत’ असे हजार जण लिहितात. ‘वडिलांसोबत पाहिलेला शेवटचा सामना तुमच्यामुळे विजेतेपदाच्या वर्षातला ठरला’ असे एकालाच लिहिता येते, आणि अशी चिठ्ठी कुटुंबाच्या हाती पडली तर तीच वाचली जाते. शाई पावसात फुटते, म्हणून कागद पारदर्शक पाकिटात घालावा.

खेळाडूंचा शोक नियमांच्या चौकटीत मावत नाही, हेही लक्षात ठेवावे. दुर्घटनेनंतरच्या पहिल्याच सामन्यात, 3 नोव्हेंबरला कार्डिफ येथे, लेस्टरच्या डेमराई ग्रेने गोल केला आणि जर्सी काढून आतल्या पांढऱ्या बनियनवरची ‘खुन विचाईंसाठी’ ही अक्षरे दाखवली (‘खुन’ म्हणजे थाई भाषेतले आदरार्थी संबोधन). पंचांनी त्याला पिवळे कार्ड दिले. जर्सी काढल्यास कार्ड द्यावे असे नियमच सांगतो, त्यामुळे पंचांवर तुटून पडण्याचे कारण नव्हते. ग्रेने तेवढी किंमत जाणूनबुजून मोजली असे मानावे, म्हणजे त्याच्या कृतीचे मोलही वाढते.

मैदानावर स्तब्धता पाळावी की टाळ्या वाजवाव्यात, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही. स्तब्धता सर्वांचे एकमत गृहीत धरते आणि एका शिट्टीने ती मोडते. टाळ्यांत मात्र न वाजवणाऱ्यालाही हात खाली ठेवून उभे राहता येते. म्हणून मालकाविषयी मतभेद तीव्र असतील तेथे टाळ्यांची निवड करावी, असे मी सुचवेन. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचे अध्यक्ष आणि पूर्वीचे मालक बिल केनराइट ऑक्टोबर 2023 मध्ये वारले, तेव्हा क्लबचे पाठीराखे असेच दुभंगलेले होते. ते लहानपणापासूनचे एव्हर्टनभक्त होते, त्यांनी क्लबसाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या होत्या, आणि तरीही त्याच वर्षीच्या जानेवारीत संतप्त निदर्शनांमुळे संचालक मंडळाने घरच्या सामन्याला येणे टाळले होते. ज्याने निदर्शनांत भाग घेतला त्याने मृत्यूनंतर ढसाढसा रडावे अशी अपेक्षा करू नये. त्यानेही त्या मिनिटापुरते शांत राहावे.

चर्चा अंत्यसंस्कारांनंतर सुरू करावी. ‘गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये’ हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येईल. घरातल्या माणसाबाबत ते योग्यच आहे, पण क्लबचा मालक लाखो लोकांच्या जिव्हाळ्याची ठेव सांभाळत असतो. मरणाने वैर संपते, हिशेब संपत नाही.

हिशेबाला बसताना चषकांपासून सुरुवात करू नये, पैशाच्या स्वरूपापासून करावी. मालकाने पैसा ‘घातला’ असे आपण सहज म्हणतो. तो कर्ज म्हणून दिला की भागभांडवल म्हणून, हे क्लबच्या वार्षिक ताळेबंदात पाहावे. कर्ज असेल तर वारस ते परत मागू शकतात, भांडवल असेल तर त्याच्या परतफेडीचे ओझे क्लबवर राहत नाही. विचाई यांनी 2010 मध्ये सुमारे 3 कोटी 90 लाख पौंडांना लेस्टर घेतला आणि 2013 मध्ये क्लबला दिलेल्या 10 कोटी 30 लाख पौंडांच्या कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने मैदानही परत विकत घेतले. 2016 मधल्या प्रीमियर लीगच्या अद्भुत विजेतेपदाइतकीच ही रुक्ष नोंद मला महत्त्वाची वाटते. याच्या नेमके उलटे उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे आहे. 2014 मध्ये निधन पावलेले माल्कम ग्लेझर यांनी 2005 मध्ये तो क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला, तेव्हा रकमेचा मोठा भाग उसना होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबच्याच माथी आला. त्या काळातही चषक आले, म्हणून तर चषकांवरून मालकाची पारख करता येत नाही.

मग मैदान, सराव केंद्र आणि अकादमी कोणाच्या नावावर आहेत ते पाहावे, आणि जे घडू शकले असते पण घडले नाही त्याचीही नोंद करावी. स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदचे मालक खेसुस खिल यांच्या खात्यात 1996 चे लीग आणि चषक असे दुहेरी यश जमा आहे, पण त्यांनीच 1992 मध्ये खर्च वाचवण्यासाठी क्लबची युवा अकादमी बंद केली आणि तिथला, पुढे विख्यात झालेला राऊल नावाचा मुलगा शेजारच्या रेआल माद्रिदकडे गेला. अशी नोंद कोणत्याही चषकाच्या कपाटात सापडत नाही; ती पाठीराख्यांनाच जपावी लागते.

यश कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न सर्वांत जास्त दुखावणारा असतो. बर्नार्ड तापी यांच्या मार्सेय या फ्रेंच क्लबने 26 मे 1993 रोजी म्युनिकमध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बेर्लुस्कोनींच्या एसी मिलानला 1-0 ने हरवले. मध्यंतराच्या थोडे आधी अबेदी पेलेचा कॉर्नर आला आणि बासिल बोलीने हेडरने गोल केला. त्याआधी सहाच दिवस व्हॅलेन्सिएन्सविरुद्धच्या लीग सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूंना सौम्य खेळण्यासाठी पैसे देण्यात आले होते, आणि त्यातली रोकड पुढे एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेली सापडली. त्या मोसमाचे फ्रेंच विजेतेपद काढून घेण्यात आले, क्लब 1994 मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेला, तापी तुरुंगात गेले, आणि युरोपीय चषक मात्र मार्सेयकडेच राहिला. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांचे पार्थिव वेलोड्रोम स्टेडियममध्ये आणले गेले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीला हे सारे ठाऊक होते. अशा वेळी ‘तो थोर होता की लबाड?’ असे विचारून उत्तर मिळत नाही. बोलीच्या गोलचा आनंद खरा होता आणि पैसे चारणे हा गुन्हाही खरा होता. एकाच कागदावर दोन्ही लिहावेत आणि कोणतेही खोडू नये.

क्लबबाहेरच्या आयुष्याबाबतही हेच पथ्य पाळावे. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी 1986 मध्ये डबघाईला आलेला मिलान घेतला आणि 31 वर्षांत 29 चषक जिंकले, त्यांत युरोपचे पाच. ते तीन वेळा इटलीचे पंतप्रधान झाले, आणि 2013 मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यातील त्यांची शिक्षा कायम झाली. जून 2023 मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, तेव्हा देशातच वाद पेटला. मिलानच्या पाठीराख्याने ‘मला फक्त फुटबॉलशी कर्तव्य आहे’ असे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण त्या माणसाच्या सत्तेची झळ ज्यांना लागली त्यांना गप्प बसवण्याचा अधिकार त्याला त्यामुळे मिळत नाही.

हिशेबाचा शेवटचा भाग लगेच लिहिताच येत नाही, कारण मालक गेल्यावर क्लब कसा उभा राहतो हे पाहायला वर्षे जावी लागतात. पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जॅक वॉकर यांनी 1991 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सची सूत्रे घेतली, स्टेडियम नव्याने बांधले, सराव केंद्र उभारले आणि 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. ऑगस्ट 2000 मध्ये ते वारले, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. वर्षभरात तो वर आला आणि 2002 मध्ये लीग चषकही जिंकला. त्यांच्या न्यासाने 2010 मध्ये क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाला विकला, 2012 मध्ये संघ खाली घसरला आणि 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. त्या घसरणीचे खापर वॉकर यांच्यावर फोडावे असे मला वाटत नाही, पण आपल्या पश्चात क्लब कोणाच्या हाती जाईल याची कोणती तजवीज मालकाने केली होती, हे पाठीराख्यांनी प्रत्येक वेळी विचारावे. शक्य असेल तर तो जिवंत असतानाच विचारावे.

पुतळा उभारण्याची किंवा स्टँडला नाव देण्याची मागणी पहिल्या आठवड्यातच होते. तिला विरोध करू नये, फक्त निर्णय लांबवावा. लेस्टरमध्ये विचाई यांचा पुतळा एप्रिल 2022 मध्ये उभा राहिला, म्हणजे दुर्घटनेनंतर सुमारे साडेतीन वर्षांनी. एवढ्या अवधीत पाठीराख्यांच्या संघटनेने जुने ताळेबंद, बातम्यांची कात्रणे आणि सभासदांच्या आठवणी एका ठिकाणी जमवाव्यात, आणि पुतळ्याखालच्या पाटीचा मजकूर ठरवायला बसताना तो गठ्ठा टेबलावर ठेवावा.