सीट कुरकुरतेय? आधी पाना खाली ठेवा

सायकलवर बसून पायडल मारलं की करकर ऐकू येते आणि बिचाऱ्या बॉटम ब्रॅकेटवर (बीबी, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग) आळ येतो. चूक कानाची आहे. दर पायडलला कंबर डावी-उजवीकडे झुकते, सीटवरचं वजनही तसंच झुकतं, त्यामुळे सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, आवाज बरोबर पायडलच्या तालात येतो. त्यात फ्रेमच्या पोकळ नळ्या तो खाली क्रँकपर्यंत, म्हणजे पायडल लावलेल्या दांड्यापर्यंत, पोचवतात. मग ठरलेली वरात निघते. पायडल बदललं, आवाज आहेच. बीबी बदलली, आहेच. चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चाकाचे) बोल्ट आवळले, क्रँक काढून परत बसवली, तरी आहेच. पैसे संपल्यावर कुणीतरी सीटपोस्ट उपसतं, तर नळी आतून कोरडी ठाक, तळाशी गंजाची भुकटी आणि ग्रीसचा पत्ता नाही.

दोन मिनिटांची परीक्षा पुरते. सपाट रस्त्यावर एकाच गिअरमध्ये आधी बसून, मग उभं राहून पायडल मारा. उभं राहिल्यावर आवाज गेला तर दोष सीटकडे. तसाच राहिला तर पायडल, क्रँक, हँडल बघा. नंतर सायकल भिंतीला टेकवा, सीटचं नाक आणि मागची कड धरून पिळा, आणि दुसऱ्या कुणाला तरी एक बोट क्लॅम्पवर (सीटला पोस्टवर धरणारी पकड), एक सीटपोस्टच्या कॉलरवर (फ्रेमच्या नळीच्या तोंडाशी पोस्ट आवळणारी कडी) ठेवायला सांगा. कुरकुर होताना जिथे बोटाला टिचकी जाणवेल, तिथलंच काम काढायचं.

दुसरी चूक म्हणजे आवाज आला की आवळ. घाई असलेल्यांचा हा आवडता उपाय. कुरकुर बहुतेक वेळा सैलपणाची नसते, कोरड्या धातूवर धातू केसभर सरकल्याची असते. कोरडा सांधा कितीही आवळला तरी कोरडाच राहतो, आवाज फार तर दोन दिवस दबतो. मग अजून पाव फेरा, अजून पाव फेरा, आणि एके दिवशी बोल्टचे आटे जातात. कॉलरला साधारण ५-६ न्यूटन मीटर (बोल्ट आवळायच्या जोराचं माप) पुरतात. सीटच्या क्लॅम्पला किती, ते बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. एका बोल्टच्या क्लॅम्पला दोन बोल्टवाल्यापेक्षा बराच जास्त जोर लागतो, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. कार्बनच्या सीटपोस्टवर अंदाजाने पाना चालवणाऱ्याला काय म्हणावं!

खरं काम असं. पोस्टवर उंचीच्या खुणेला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि पोस्ट बाहेर काढा. काठीला चिंधी बांधून, रॉकेल लावून नळी आतून पुसा आणि वाळू द्या. पोस्टचा आत जाणारा भाग पुसून त्यावर पातळ थर येईल एवढंच ग्रीस लावा. कॉलरही काढून आतून पुसा, बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचं बोट फिरवा. पोस्ट बसवताना 'मिनिमम इन्सर्शन'ची (पोस्ट निदान एवढा आत हवा, हे सांगणारी) रेघ नळीच्या आत गेलीच पाहिजे. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्टच.

मग क्लॅम्प. तो पूर्ण उघडा, दाते टूथब्रशने घासा, रेल (सीटखालच्या दोन सळ्या) जिथे बसतात त्या खाचा पुसा. दात्यांवर आणि खाचांत ग्रीसचा नुसता हात फिरवा. रेल कार्बनचे असतील तर तेही नको. दोन बोल्ट असतील तर आलटून-पालटून पाव-पाव फेरा द्या. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की सीट वाकडी बसते आणि कुरकुर पुन्हा सुरू. साध्या काळ्या सायकलच्या क्लॅम्पलाही हाच नियम, दोन्हीकडचे नट सारखे आवळा. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर सीटचं नाक आपोआप वर-खाली होतं. तो क्लॅम्प फेकून द्या, स्वस्त असतो.

स्प्रे तेल मारू नका. आठवडाभर शांतता, मग त्याच तेलावर धूळ बसून आत मळी.

पोस्टचा व्यास नीट बघून घ्या. २७.० च्या जागी २६.८ मिलीमीटरचा पोस्ट बसतो खरा, पण हलत राहतो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून आत सारणं हा जुगाड, इलाज नव्हे.

पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तो काढून ग्रीस बदला. दोन धातू आणि ओल मिळून पोस्ट आत असा धरतो की तिथे पान्याचं काही चालत नाही.

एवढं करूनही आवाज येतोय? रेल सीटच्या पोटात जिथे घुसतात त्या पुढच्या-मागच्या तोंडांना जाड तेलाचा एकेक थेंब द्या आणि उरलेलं पुसून घ्या. आणि हो, सीटखालच्या पिशवीचा पट्टा एकदा काढून चालवून बघा. कित्येकदा तोच कुरकुरत असतो.