पुढचं मडगार्ड खडखडतंय? नुसता बोल्ट आवळू नका

खड्ड्यातून दुचाकी गेली की पुढून खडखड येते आणि बोल्ट आवळला तरी आठवड्यात पुन्हा तेच. बहुतेक वेळा दोष बोल्टचा नसतोच, मडगार्डचं भोक घासून मोठं झालेलं असतं.

आधी मडगार्ड हाताने हलवून कुठल्या बाजूला खेळतंय ते बघा. तिथला बोल्ट काढा (बऱ्याच गाड्यांना दहाचा पाना लागतो). भोकाभोवती काळपट घासल्याची कडी दिसली की समजायचं, हाच तो. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रुपयाएवढ्या दोन चकत्या कापा, मधे बोल्टपुरतं भोक पाडा. मडगार्डच्या दोन्ही अंगांना एकेक चकती, बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर, मग आवळा. रबर किंचित दबलं की थांबा. प्लॅस्टिकचं मडगार्ड जास्त आवळलं तर तडकतं. नट वेगळा असेल तर नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेला नट) घाला, तो कंपनाने सहसा सुटत नाही.

ब्रेकच्या नळीची क्लिपही बघून घ्या. माझ्याकडे एकदा आवाज तिचाच निघाला, आणि मी अर्धा तास मडगार्डशी झटत बसलो होतो!

बोल्ट मात्र मूळ लांबीचाच हवा. लांब बोल्टचं टोक आत टायरला घासू शकतं. चाक उचलून हाताने फिरवा, मगच गाडी काढा.