जुन्या बुलेटचे टॅपेट घरच्या घरी कसे सेट करावेत

कास्ट आयर्न सिलिंडरची 350 बुलेट हातात आली की लोक आधी सायलेन्सर बदलतात. माझं म्हणणं, आधी टॅपेट (कॅमच्या धक्क्याने पुशरॉडला वर ढकलून व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघा. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, कॉम्प्रेशन रेशो जेमतेम 6.5 ला 1, आणि 346 सीसीतून निघणार जेमतेम 18 हॉर्सपॉवर. इतक्या निवांत इंजिनाला मरायला कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा मालकच पुरवतो. फार आवळलेले टॅपेट हे त्यातलं एक.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. मेन स्टँडवर लावा, प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा धरा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की समजा कॉम्प्रेशन स्ट्रोक (पिस्टन हवा दाबत वर येतो तो) आला. मग भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ सोडा (पेन्सिल नको, आत मोडली तर हेड उतरवावं लागेल) आणि ती वर यायची थांबेपर्यंत चाक हळूहळू फिरवा. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.

उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी एका नटावर बसलेलं छोटं झाकण काढा. खाली फडकं ठेवा, थोडं ऑइल सांडणारच. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. पुशरॉड (टॅपेटवरून वर व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा) दोन बोटांत धरून फिरवा: सहज फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. घट्ट वाटला तर पातळ पान्यांनी मधला लॉकनट (माप पक्कं धरणारा नट) सैल करून अ‍ॅडजस्टर (माप कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवा. एक्झॉस्टचा मी इनटेकपेक्षा किंचित मोकळा ठेवतो, कारण तो जास्त तापतो.

खरी कटकट लॉकनट आवळताना होते. तो आवळला की माप थोडं सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघा. दोन-तीनदा करावं लागलं तरी चालेल.

शंका असेल तर सैलच ठेवा. सैल टॅपेट टिकटिक करून तक्रार तरी करतो. घट्ट टॅपेट गप्प बसतो, व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, कॉम्प्रेशन गळतं, किक हलकी लागते आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

झाकणाचा नट बेतानेच आवळा. जोर लावला तर झाकण वाकतं आणि तिथूनच ऑइल झिरपायला लागतं.