जर्मनीत नर्स म्हणून जायचंय? तयारी या आठवड्यातच कशी सुरू करावी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय, हॉस्पिटलात ड्युटी सुरू आहे आणि तीन-चार वर्षांत जर्मनीला जायचं मनात आहे. अशा वेळी बहुतेक जणी व्हिसाची चौकशी आधी करतात. पण वर्षं जातात ती भाषेत आणि कागदपत्रांत, व्हिसाची पाळी खूप नंतर येते. ही दोन्ही कामं नोकरी न सोडता, सोलापूर-लातूरला बसूनही सुरू होतात.

आधी शेवटाकडून मागे या. जर्मनीत नर्सिंग हा नियंत्रित व्यवसाय आहे. तुमच्या शिक्षणाला तिथल्या राज्याच्या कार्यालयाची मान्यता मिळाल्याशिवाय पूर्ण नर्स म्हणून काम करता येत नाही. ते कार्यालय तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतं. ती कमतरता तिथे जाऊन प्रशिक्षणाने किंवा तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षेने भरून काढायची असते. परवान्यासाठी जर्मन साधारणपणे बी२ पातळीची लागते (भाषेच्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पातळ्यांतली चौथी).

कागद

या आठवड्यात कॉलेजला अर्ज द्या. नुसत्या मार्कशीटवर काम भागत नाही. कुठल्या विषयाला थिअरीचे किती तास आणि प्रॅक्टिकलचे किती, बालरुग्ण, मानसोपचार, सर्जरी अशा कुठल्या वॉर्डात किती तास काढले, हे दाखवणारा सही-शिक्क्याचा ट्रान्सक्रिप्ट हवा. तुलना त्यावरच होते. तास लिहिलेले नसतील तर झालेलं शिक्षणही कमी धरलं जाऊ शकतं. ओळखीचे क्लार्क आणि मॅडम कॉलेजात आहेत तोवर हे काम सोपं असतं. कॉलेज बंद पडलं किंवा दुसऱ्या संस्थेकडे गेलं की हेलपाटे सुरू होतात.

मग सगळे कागद टेबलावर मांडून फक्त नाव वाचा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव येतं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचंच राहतं. स्पेलिंगमध्ये कुठे ‘डब्ल्यू’, कुठे ‘व्ही’. जर्मन कार्यालयाला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, स्पेलिंगची चूक त्या-त्या कार्यालयातून दुरुस्त करून घ्या, नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जपून ठेवा. पासपोर्ट काढलेला नसेल तर त्याचा अर्ज करण्याआधीच हे जुळवा. आणि कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.

भाषा

हिशेब असा मांडा. शून्यापासून बी२पर्यंत ४५ मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका धरतात, म्हणजे ४५० ते ६०० तास. आठवड्याला ६ तास दिले तर दीड ते दोन वर्षं, आणि यात गृहपाठ धरलेला नाही. नाइट ड्युटीच्या आठवड्यात ६ तास होणार नाहीत. त्या आठवड्यात फक्त शब्द आणि ऐकणं ठेवा, व्याकरण मॉर्निंगच्या आठवड्यात करा. शिफ्ट बदलते तिथे ‘रोज रात्री ९ वाजता’ असं ठरवलेलं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. तो-ती-ते आपल्या तोंडात आहे, जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत: डेर, डी, दास. फक्त जोड्या जुळतीलच असं नाही. ‘ती सुई’ आणि ‘डी नाडेल’ जुळतात. पण आपला ‘तो ताप’ तिथे ‘दास फीबर’ होतो. म्हणून शब्द कधीच सुटा लिहू नका, डेर-डी-दाससकट लिहा. कारण सांगणाऱ्या वाक्यात तर क्रियापद आपल्यासारखंच शेवटी जातं: ‘वाइल डेर पात्सिएंट फीबर हाट’, कारण पेशंटला ताप आहे.

गोएथे इन्स्टिट्यूट आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन नावाने ओळखली जाते. पुण्यात आणि मुंबईत आहे. तिच्या बी१ आणि बी२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १००पैकी ६० गुण लागतात आणि राहिलेला भाग पुन्हा देता येतो. बी१ला बसण्यासाठी ए१, ए२च्या परीक्षा दिलेल्या असण्याची अट नाही. नुसते व्हिडिओ बघून शिकणारे संभाषणात अडकतात. पहिल्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी १५ मिनिटं मोठ्याने बोला. विषय वॉर्डातलाच घ्या: पेशंटने काय खाल्लं, कुठे दुखतंय, ड्रेसिंग कधी बदललं.

वॉर्डातलं काम

अनुभवाने कमतरता भरून निघू शकते, पण तो कागदावर दिसला पाहिजे. प्रत्येक नोकरी सोडताना विभाग, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेलं अनुभवपत्र घ्या. आणखी एक गोष्ट: अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे आपल्याकडे मावशी किंवा नातेवाईक करतात, जर्मनीत तो नर्सच्याच कामाचा भाग आहे. निदान काही पेशंटचं हे काम आत्तापासून स्वतः करा. ते जमतं का, आवडतं का, हे तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं.

एजन्सी

ही सगळ्यात शेवटी, बी१ हातात आल्यावर. परदेशी भरती करणाऱ्या एजंटची भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. योग्य भरतीच्या जर्मन निकषांनुसार तर नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नसतात, तो खर्च नोकरी देणाऱ्याचा. एजन्सीकडे ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे’ (नर्सिंगमधली योग्य भरती) हे जर्मन गुणचिन्ह आहे का, ते विचारा. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका. नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, ते कलम वाचूनच सही करा. करार जर्मनमध्ये असेल तर भाषांतर मागा.

ट्रान्सक्रिप्टच्या अर्जाची पोच घ्या, तिचा फोटो काढा आणि पंधरा दिवसांनी कॉलेजला फोन करायची तारीख कॅलेंडरवर लिहा.