अहिराणी पिक्चरचं तिकीट किती ठेवायचं? पायरसी धरून हिशोब असा करा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कोणी अहिराणी पिक्चर काढलं की खर्चाला अंदाजे प्रेक्षकांनी भागतात आणि पायरसीत बुडणारे पैसे वसूल करायला वरून अजून थोडे चढवतात. भाऊ, हेच करू नका. भाव चढला की विकत घेणारा माणूसपण टेलिग्रामवर लिंक शोधायला लागतो.

आधी बघा फुकटची कॉपी मिळवायला लोकांना किती कटकट होते. लिंक शोधा, जाहिराती बंद करा, चित्र अंधुक, आवाज फाटका, व्हायरसची भीती वेगळी, तर ही कटकट टाळायला माणूस आनंदाने जेवढे देईल तेवढाच आपला भाव, कारण पायरसीवाल्याला शूटिंगचा एक रुपया खर्च नाही, स्वस्तपणात त्याला हरवणं शक्यच नाही. मोसर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीने 2007 मधे व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली ती याच हिशोबाने, रस्त्यावरच्या नकली सीडीच्या जवळ भाव नेला. पण एवढा कमी भाव लाखोंनी माल खपला तरच परवडतो, आपला प्रेक्षक तेवढा नाही हे विसरू नका. म्हणून गाणी यूट्यूबवर फुकट टाका, तिथे जाहिरातीचे पैसे येतात आणि गाणं गाजलं की लग्नसराईत, कानबाईच्या (श्रावणातला खान्देशी सण) वेळी स्टेज शोची सुपारी मिळते, खरी कमाई तिथे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरतला आपले किती खान्देशी कामाला आहेत! पिक्चर फक्त धुळ्या-जळगावच्या टॉकीजला लावलं तर त्या माणसाने बघायचं कुठे, त्याच्या खिशात पैसे आहेत, इच्छा आहे, पण विकत घ्यायचा रस्ताच नाही, मग तो व्हॉट्सॲपवर आलेली कॉपी बघणारच. त्याच्यासाठी पहिल्याच दिवशी पैसे भरून बघायची लिंक द्या, यूपीआयने दोन मिनिटांत काम झालं पाहिजे. टॉकीजवाले कुरकुर करतील, त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

टॉकीजमधे कोणी मोबाईलवर पिक्चर रेकॉर्ड करताना दिसला तर गप्प बसू नका, 2023 च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात कमीत कमी 3 महिने कैद आणि 3 लाख दंड आहे. यूट्यूबवर कोणी चोरून टाकलं तर कॉपीराइटची तक्रार फुकटात करता येते, पण ती हक्क असणाऱ्यालाच करता येते, म्हणून गायक, संगीतकार, लेखक सगळ्यांकडून रिलीजच्या आधीच हक्क लेखी करून घ्या.