कुत्रा फटाक्यांना घाबरतो? दिवाळीच्या आधीच हे सुरू करा

दिवाळीला दोन-तीन महिने असतील तर आत्ताच सुरुवात करा, ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुत्र्याला काही शिकवता येत नाही, तेव्हा फक्त सांभाळायचं असतं.

आधी तो नेमका कधी घाबरतो ते नीट बघा. एक-दोनदा मोठा दणका बसला की त्याच्या आधी काय काय झालं तेही डोक्यात पक्कं बसतं, खाली पोरांचा गलका, फटाक्याच्या दारूचा वास, वातीची सुरसुर, आणि मग फटाका फुटायच्या आधीच शेपूट पायात, कान मागे, धापा सुरू. नाटकं नाहीत ती, पुढे काय होणार ते त्याला कळलेलं असतं.

आता फोनवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावा, इतकं बारीक की कान टवकारेल पण उठून जाणार नाही. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, मीठ-मसाला न घातलेला. क्रम उलटा करू नका प्लीज! आधी चिकन मग आवाज असं झालं तर चिकन दिसलं की आता धडाम होणार हेच तो शिकेल आणि चिकनलाच बिचकायला लागेल. पाचेक मिनिटं पुरे. आवाज आल्यावर तो तुमच्या हाताकडे बघायला लागला की मगच व्हॉल्यूम थोडा वाढवा, आणि खाणं सोडलं किंवा सारखे ओठ चाटायला लागला तर परत कमी.

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती अशीच घालवली, तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत.

पण जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं बसतं इतकंच. म्हणून हॉलमध्ये शांत राहणारा कुत्रा जिन्यात परत थरथरतो, मध्ये बरेच दिवस गॅप पडला तरी तेच. सगळ्या खोल्यांत, गॅलरीत, जिन्यात सराव करा.

दिवाळीत फिरवणं अंधार पडायच्या आत उरका, आतली खोली, पडदे बंद, टीव्ही चालू. जवळ आला तर खुशाल कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही, ओरडल्याने मात्र वाढते. दार ओरबाडण्याइतका घाबरत असेल तर व्हेटकडे आधीच जाऊन या, माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.