तारांकित प्रश्नाने भरले गेलेले डॉक्टरांचे पद

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दीर्घकाळ रिक्त होते आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री तालुक्याला न्यावे लागे. आमदारांना दिलेली निवेदने पोचपावतीपुढे सरकत नव्हती, कारण त्यांत व्यथा होती, पुरावा नव्हता. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मंजूर व रिक्त पदांचा तपशील मिळवला, ग्रामसभेचा ठराव जोडला आणि हिवाळी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, प्रश्नांच्या सूचना (नोटिसा) स्वीकारण्याची मुदत संपण्यापूर्वी, तारांकित प्रश्नाचा नेमका मसुदाच आमदारांच्या स्वीय सहायकांकडे दिला. माझ्या मते ही मुदत गाठणेच निर्णायक ठरले. अशा प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते, उपप्रश्नही येतात. त्यामुळे जिल्ह्याकडे तातडीने विचारणा झाली आणि प्रश्न पुकारला जाण्याआधीच नियुक्तीचा आदेश निघाला.